पावडरचा वास

बॉम्ब पडून मोठी पाइपलाइन फुटली आणि गल्लीचे नळ कोरडे पडले. आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाईंनी टँकर आणून चौकातली टाकी भरून घेतली आणि स्वतःच्या हाताने तीत ब्लीचिंग पावडर घातली. लोक त्यांना पावडरबाईच म्हणत. पण तोटीपाशी चिटपाखरू नव्हतं. सगळ्या बायका मागच्या विहिरीवर. विहिरीला लागूनच मैल्याचं गटार फुटलेलं. कॉलरा गल्लीत शिरला होता आणि इस्पितळात जखमींनाच जमिनीवर झोपवत होते.

विहिरीचा दोर ओढत होती पावडरबाईंची थोरली जाऊ.

"जाऊबाई, ते ओतून टाका. टाकीवर चला."

"तुझ्या टाकीला गॅसचा वास येतो. विष पाजतेस होय गं आम्हाला?"

"पावडरचा वास आहे तो."

"मला शिकवू नकोस! हवाई हल्ल्याच्या सरावात वॉर्डनने डबा उघडून सगळ्यांना हुंगायला लावलं. म्हणाला, हा वास आला की पोरं उचला आणि पळत सुटा. पहिली पळाले म्हणून शाबासकी दिली मला."

आता पावडरबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या सरावाला गॅसच्या वासासाठी वॉर्डन खात्याचीच पावडर घेऊन गेला होता.

"नात कशी आहे?"

जाऊबाईंचा हात थांबला. "सकाळपासून जुलाब. डोळे खोल गेलेत पोरीचे."

पावडरबाई तडक वॉर्डनच्या चौकीत गेल्या.

"गल्लीत चला आणि डब्यात काय होतं ते सांगा."

"वेड लागलंय का, बाई? उद्या खरा गॅस आला आणि लोक बसून राहिले, तर मुडदे कोण उचलणार?"

"उद्याचे तुम्ही उचला. आजचे मला उचलावे लागतील, आणि त्यात आमची नात असेल. उठा."

"वरून हुकूम नाही."

"मग मीच सांगते. तुम्ही मला खोटं पाडायला तरी या."

झक मारत तो मागोमाग आला. पावडरबाईंनी टाकीपाशी डबा उघडला आणि सगळं सांगून टाकलं. जाऊबाईंनी डब्यात नाक घातलं, मग वॉर्डनकडे पाहिलं.

"म्हणजे संडास धुवायच्या पावडरला घाबरून पळताना मी गुडघे फोडून घेतले?"

"आणि शाबासकी घेतलीत ती?" मागून कुणीतरी म्हणालं. गल्ली खो-खो हसली.

"हसा," वॉर्डन लाल होऊन म्हणाला. "खरा गॅस आला तर कळणार कसं?"

"तू कशाला आहेस? घंटा बडव. घंटा ऐकली की पळू आम्ही," जाऊबाई म्हणाल्या. "आणि आधी हे पाणी तू पी."

वॉर्डन नाक दाबून पेलाभर पाणी प्यायला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग एकेकीने बादली तोटीखाली सरकवली.

"थांब," जाऊबाई धाकट्या जावेला म्हणाल्या, "विहिरीचा दोर आधी काढ. नाहीतर रांग बघून निम्म्या परत तिकडेच जातील."

दोर काढून दोघी घरी गेल्या. टाकीच्या पाण्यात मीठ-साखर कालवली. जाऊबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. पहिला चमचा तिने थुंकून टाकला. दुसरा कसाबसा गिळला.

"घाण लागतंय."

"मग तोंड वाकडं करून पी," जाऊबाई म्हणाल्या आणि पुढचा चमचा भरला.