निकेलखालचं तांबं

आर्लीन टिबेट्सनं बुटांचा खोका टेबलावर ठेवला, तेव्हा व्हर्लिन हॉस्किन्सनं हातातले पांढरे सुती मोजे उगाचच पुन्हा ओढून घेतले. आत काय असणार हे खोका उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

आर्लीनचा नवरा डेल एप्रिलमध्ये वारला होता. पाठ धरल्याचं निमित्त सांगून व्हर्लिन मातीला गेला नव्हता. आता ती खोक्यातून डेलच्या आजोबांचं रिव्हॉल्वर काढत होती आणि आजच्या प्रदर्शनात ते त्याच्या टेबलावर ठेवाल का, असं विचारत होती.

"डेल म्हणायचा, आपल्या कौंटीत खरं बोलणारा माणूस एकच. व्हर्लिन. रिव्हॉल्वरबद्दल ऐकून वाईट वाटलं, पण त्यानं खरं तेच सांगितलं."

कॅन्ससच्या त्या गावात हे सगळेच म्हणायचे. धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं व्हर्लिननं गव्हाच्या ट्रकांची वजनं केली, पण त्याच्या काट्यावर कुणी शंका घेतली नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं निकेलच्या मुलाम्याची जुनी रिव्हॉल्वरं जमवली. एकूण एकोणीस. उघड्या हाताचा घाम त्यांना लागू द्यायचा नाही, चामड्याच्या म्यानात ठेवायची नाहीत, महिन्यातून एकदा मेणाचा पातळ हात द्यायचा. पोटच्या पोरांचे कुणी इतके लाड केले नसतील. ऑक्टोबरातल्या प्रदर्शनात जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तो ती मांडायचा आणि प्रत्येकापुढे सुबक अक्षरात चिठ्ठी ठेवायचा.

अकरा वर्षांपूर्वी डेलनं हेच रिव्हॉल्वर त्याच्याकडे साफ करायला दिलं होतं. निकेलला अमोनियाचं औषध लावायचं नाही, कारण निकेलखाली तांब्याचा थर असतो आणि अमोनिया तांबं खातो, हे व्हर्लिन नवशिक्यांना दरडावून सांगायचा. त्या दुपारी नळीत साचलेला मळ निघेना, म्हणून त्यानं अख्खं रिव्हॉल्वरच त्या औषधात बुडवलं आणि रेडिओवर बेसबॉल ऐकत बसला. दोन तासांनी बाहेर काढलं, तर ओल आलेल्या भिंतीचे पोपडे निघावेत तसं निकेल सुटत होतं.

डेलला त्यानं सांगितलं, हा मुलामा कंपनीचा नाही. कुणीतरी नंतर स्वस्तात चढवलाय, म्हणून गळून पडला.

एवढंच वाक्य. पण डेलचे आजोबा स्टेशनमास्तर होते. पूल वाहून गेलेला पाहून त्यांनी गाडी थांबवली, म्हणून रेल्वेच्या माणसांनी कंपनीकडून आलेलं कोरं करकरीत रिव्हॉल्वर त्यांना भेट दिलं, अशी घरात गोष्ट होती. मुलामा नंतरचा म्हणजे वस्तू कोरी नव्हे, आधी वापरलेली, आणि वस्तू वापरलेली म्हणजे गोष्टही खोटी.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणं झाली की पोरं ती गोष्ट सांगा म्हणून मागं लागायची," आर्लीन म्हणाली. "डेल म्हणायचा, जाऊ द्या, आजोबा थापाड्या होता. अकरा वर्षं तेच."

शेजारच्या टेबलावरचा लाइल कोपेकी खिमा-राजम्याच्या चिलीचा वाडगा आणि त्यावर दालचिनीचा रोल सांभाळत तेवढ्यात तिथं आला. चष्मा कपाळावर सारून तो रिव्हॉल्वरवर वाकला.

"बाई, हे तर अस्सल कंपनीचं. ही ट्रिगरभोवतीची कडी बघा, काळपट निळी आहे. ह्या मॉडेलच्या कडीला कंपनी निकेल करायचीच नाही. मागाहून मुलामा देणारे येडे सरसकट चकाकवतात." मग तो व्हर्लिनकडे वळला. "काय रे, कुठल्या गाढवानं अमोनियात बुडवलं हे?"

झाकली मूठ अजून झाकलेलीच होती. डेल बोलायला येणार नव्हता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि क्षणभर व्हर्लिनच्या मानेनं तसं करूनही पाहिलं. पण आर्लीन त्याच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती, की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं मोजे काढले. "मी बुडवलं," तो म्हणाला. "कडी मी तेव्हाच पाहिली होती, आर्लीन. डेलशी मी खोटं बोललो."

लाइल वाडग्यात चमचा फिरवत राहिला, मग आपल्या टेबलाकडे निघून गेला. एकोणिसांतलं हवं ते घेऊन जा, असं काहीबाही व्हर्लिन पुटपुटला. ते आपल्याच कानांना किती हलकं लागतंय हे त्याला कळलं.

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवं होतं तुम्ही," आर्लीन म्हणाली. तिनं रिव्हॉल्वर त्याच्याकडे सरकवलं. "इथंच ठेवा. आणि बाकीच्यांना आहे तशी चिठ्ठी लिहा."

त्यानं लिहिलं: *मूळ निकेल, कंपनीचं. चुकीच्या औषधानं खराब झालं.*

तिनं वाचलं आणि चिठ्ठी परत केली. "आजोबांचं नाव राहिलं. ऑरिन टिबेट्स. टिबेट्सच्या स्पेलिंगमध्ये दोन 'बी' आहेत. आणि खराब आपोआप नाही झालं."

व्हर्लिननं दुसरी चिठ्ठी घेतली. ऑरिन टिबेट्सचं नाव वर लिहिलं, आपलं खाली, आणि मधे काय केलं ते.

टेबलामागं खुर्ची एकच होती. आर्लीन तीवर बसली. दहा-बारा जण येऊन थांबले. चिठ्ठी वाचून ते व्हर्लिनकडे एक नजर टाकायचे, आणि मग ती त्यांना वाहून गेलेल्या पुलाची आणि थांबवलेल्या गाडीची गोष्ट सांगायची. हॉल बंद होईपर्यंत व्हर्लिन तिच्यामागं उभा राहून ती ऐकत होता.