कडूबाईच्या घरातलं वजन

मित्रांनो, तुम्हाला आठवणार नाही, पण तुमच्यापैकी कितीतरी जणांना माझ्या एखाद्या भावंडानं उघडंनागडं लोंबकळताना पाहिलेलं आहे. लाजू नका. मी बाळांचं वजन करणारा जुना काटा आहे. वर टांगायला कडी, मध्ये काचेआड गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी सुई, खाली हूक आणि हुकाला कापडाची झोळी, एवढाच माझा संसार.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते सांगता येत नाही. पाठीवरचा शिक्का कधीच झिजून गेला. नानासाहेब नावाच्या निवृत्त मास्तरांनी शहागंजामागच्या गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना काढला, तेव्हा गुलमंडीतल्या दुकानातून त्यांनी मला आणलं. म्हणजे मी त्या दवाखान्याचा सर्वांत जुना नोकर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता ते कुणी लक्षात ठेवत नाही.

माझा वार गुरुवार. त्या दिवशी तीस-चाळीस आया बाकांवर दाटीवाटीनं बसायच्या आणि करुणाताई, आमच्या नर्सबाई, एकेका बाळाच्या अंगावरचं सगळं उतरवायच्या. टोपडं, करदोटा, चांदीचे वाळे, सगळं. एखादी आजी ताईत काढू द्यायची नाही. करुणाताई वाद घालायच्या नाहीत, हात पुढे करून उभ्या राहायच्या. शेवटी ताईत हातात पडायचा. मग बाळ झोळीत. धडधाकट बाळ पाय झाडायचं, बोंब मारायचं आणि माझी सुई नुसती थयथयाट करायची. ती थांबेपर्यंत करुणाताई आकडा वाचत नसत.

आकडा मोठ्यानं मात्र त्या कधीच बोलल्या नाहीत. आमच्या गल्ल्यांमधून बाळाचं वजन चारचौघांत सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. करुणाताईंचा दृष्टीबिष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या कार्डावर आकडा लिहायच्या आणि आईला बोटानं दाखवायच्या. आया त्यांच्यावर जीव टाकत, त्याचं हेही एक कारण होतं.

मग ते साथीचं वर्ष आलं. एका आठवड्यात बाकं रिकामी झाली. दवाखान्याच्या दाराला दोरी बांधली गेली. मीनाक्षी डॉक्टर ओसरीवर प्लास्टिकच्या पडद्याआड बसू लागल्या. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला पिशवीत भरून संघपालच्या रिक्षानं घरोघर जाऊ लागल्या. मी भिंतीवर टांगलेला, रिकाम्या खोलीकडे बघत. तीन गुरुवार गेले. मला कसं चैन पडणार? बाळं काही वाढायची थांबली नव्हती, आणि जी वाढत नव्हती त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

चौथ्या गुरुवारी करुणाताईंनी मला भिंतीवरून काढलं, स्पिरिटनं पुसलं आणि प्लास्टिकच्या टोपलीत घालून रिक्षात ठेवलं. नवी पद्धत ठरली होती. टोपली उंबऱ्यावर ठेवायची आणि करुणाताईंनी सहा फूट मागं व्हायचं. आईनं मला पाळण्याच्या कडीला टांगायचं, घरच्याच ओढणीची झोळी करायची आणि वजन वाचायचं. पण वाचून सांगायचं कसं? गल्लीत ओरडून आकडा सांगायला एकही आई तयार होईना. तेव्हा आईनं आतून फोन करायचा आणि करुणाताईंनी बाहेर उभं राहून तो घ्यायचा, असं ठरलं. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघी कानाला फोन लावून उभ्या. मला आधी हसू आलं होतं.

ते हसू कडूबाईच्या घरात विरलं. कडूबाई मूळच्या वैजापूरकडच्या. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापानं हे नाव ठेवलेलं. त्यांचा मुलगा रामकिसन ट्रकवर होता आणि कुठंतरी परराज्यात अडकला होता. घरात त्या, सून रूपा आणि सात महिन्यांचा नातू प्रणय. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांच्या नवऱ्याला, सांडूबाबांना, खोकला झाला म्हणून गाडीतून नेलं होतं. दोन दिवसांनी नुसता निरोप आला. माणूस आला नाही.

त्या दिवशी प्रणय भरला सहा किलो तीनशे. मार्चमधल्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी. रूपानं आकडा बघितला आणि फोन उचलला. कडूबाईंनी तिचा हात धरला. स्वयंपाकघरात जाऊन पितळी पळी आणली, ती बाळाच्या पाठीखाली ओढणीत सरकवली आणि म्हणाल्या, "आता वाच." माझी सुई पुढं सरकली. रूपानं फोनवर साडेसहा सांगितलं.

मित्रांनो, आयुष्यभर मी खोटं बोललो नव्हतो, आणि तेव्हाही बोललो नाही. झोळीत जेवढं होतं तेवढंच दाखवलं. पण मला तोंड असतं तर मी ती गल्ली डोक्यावर घेतली असती.

मे महिन्यात प्रणय सहा किलो शंभरवर आला. पळीच्या जागी जड फुलपात्र आलं आणि फोनवर सहा किलो सातशे गेलं. कडूबाई हुशार होत्या. दर वेळी थोडं थोडंच वाढवायच्या. त्यांचा हिशेब सरळ होता: वजन घटलं की पोराला मोठ्या दवाखान्यात नेणार, आणि नेलेलं माणूस परत येत नाही. रूपाला हे पटत होतं असं नाही. रोज ती पोराच्या फासळ्या चाचपायची. पण तिलाही तीच भीती होती. आणि बाहेर करुणाताई कार्डावर आकडा लिहून, "छान, वाढतोय गं," म्हणायच्या. मला त्यांचा राग यायचा. आत यायचं नाही हा नियम त्यांचा नव्हता, तरी यायचा. नुसता आकडा ऐकून ही बाई समाधान मानते कशी?

जूनमध्ये मीनाक्षी डॉक्टरांनी सांगितलं की आकडा ऐकू नका, व्हिडिओवर बघा. तोवर कडूबाईंनी खलातला लोखंडी बत्ता काढला होता. फडक्यात गुंडाळून बाळाखाली ठेवला. रूपानं फोन माझ्या तबकडीसमोर धरला. सुई सहा किलो नऊशेवर गेली आणि थांबली. नऊ महिन्यांचं पोर झोळीत टांगलं आणि सुई जागच्या जागी थांबली, जणू बटाटे टांगलेत.

 बाहेरून करुणाताईंनी विचारलं, "रूपा, तो हलत का नाही?"

रूपानं फोन तबकडीवरून खाली झोळीकडे वळवला.  पुढच्या क्षणी करुणाताई उंबरा ओलांडून आत होत्या. त्यांच्या घरी मधुमेहाची आई होती, तिच्यासाठीही तीन महिने त्या कुणाच्या घरात पाऊल टाकत नव्हत्या. त्यांनी झोळीत हात घातला आणि बत्ता बाहेर काढला. माझी सुई पाच किलो आठशेवर आली.

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्या बत्ता हातात घेऊन खालीच बसल्या. कडूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"नेऊ नका वो ताई," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाला बी दोन दिसात येतील म्हनून नेलं. मला गल्लीच्या तोंडाम्होरं येऊ दिलं नाय. तोंड बी दावलं नाय."

करुणाताई म्हणाल्या, "मावशी, नाही नेलं तर हा राहायचा नाही. पण त्याला एकटा नाही न्यायचा. तुम्ही दोघी चला."

संघपालनं रिक्षा काढली. टोपलीतून मीही गेलो. वाटेत करुणाताईंनी डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी पुढं कुणाला तरी केला. पण मोठ्या दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसानं एकीलाच आत सोडता येईल असं सांगितलं. करुणाताई हात जोडून भांडल्या. तो ऐकेना. दिलेला शब्द मोडत होता, आणि त्यांना कडूबाईंकडे बघवेना.

कडूबाई बराच वेळ त्या फाटकाकडे बघत राहिल्या. त्यांनी प्रणयला मांडीवर घट्ट धरलं होतं, आणि खरं सांगतो, मला वाटलं ही बाई आता रिक्षा वळवायला लावणार. मग त्यांनी पोराला रूपाच्या हातात दिलं.

"जा तू," त्या म्हणाल्या. "म्या हितंच बसते. बसू द्यायचं नाय म्हनले तरी बसते."

आणि त्या बसल्या. समोरच्या फुटपाथवर, अठरा दिवस. रात्री संघपाल त्यांना घरी सोडायचा, सकाळी पुन्हा आणायचा. डबा आमच्या दवाखान्यातून जायचा. दुपारी एकदा रूपा आतून प्रणयला फोनवर दाखवायची. पहिले चार दिवस तो डोळेही उघडत नव्हता. पाचव्या दिवशी त्यानं वाटी लाथेनं उडवली, आणि कडूबाईंनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

प्रणय परत आल्यावर आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर, उघड्यावर, करुणाताईंनी मला टांगलं. प्रणयनं एवढे पाय झाडले की सुई थांबायलाच तयार नव्हती. शेवटी थांबली. साडेसहा. बत्त्यासकट भरलेल्या वजनाहून चारशे ग्रॅम कमीच. करुणाताई कार्डाकडे हात नेत होत्या, तर कडूबाई म्हणाल्या, "लिवायचं मागून. आधी मोठ्यानं सांगा, समद्यांस्नी ऐकू द्या. खरं हाय ते."

त्यानंतर दवाखान्यानं नियम बदलला. फोनवर वजन घ्यायचं बंद. मुखपट्टी लावून एकीनं आत जायचं आणि बाळाला हात लावूनच आकडा लिहायचा.

आता मी कपाटावर पडून असतो. नवा चपटा काटा आला आहे. त्याच्यावर बाळ ठेवलं की आकडा आपोआप फोनमध्ये जातो, कुणाला वाचावाही लागत नाही. सगळे त्याचं कौतुक करतात. मी मात्र कपाटावरून प्रत्येक गुरुवारी जीव मुठीत धरून बघत असतो, आकडा गेल्यावर कुणी बाळाला हात लावतं की नाही. करुणाताई लावतात. नव्या आलेल्या बाई कधी कधी विसरतात.

मित्रांनो, मला खाली उतरवून पुसा असं मी म्हणत नाही. माझी स्प्रिंग आता ढिली झाली आहे, भंगारात घातलंत तरी तक्रार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर व्हाल, नर्स व्हाल, कुणाच्या तरी दारात उभे राहाल आणि आतून सांगतील की सगळं ठीक आहे. तेव्हा आत जा. आणि आत गेल्यावर पोराला जेवढा वेळ बघाल, तेवढाच वेळ त्याच्या आजीजवळही बसा.