मागचं वजन

तुळशीदास चाळके सोमवारी सकाळी उठला तेव्हा त्याचं वजन तीन टन ऐंशी किलो झालं होतं. त्याला ते कळलं मात्र बुधवारी.

सोमवारी फक्त बाज मोडली. चारही पाय एकदम फाकले आणि तो नवारीसकट जमिनीवर आला. "वाळवी लागली असंल," असं म्हणून त्याची बायको अंजिरा चुलीकडे गेली. तुळशीदास उठला, अंग झटकलं, चहा प्यायला. त्याला काही जड वाटलं नाही. जमिनीवर उभा असेपर्यंत तो पूर्वीसारखाच होता. जमीन कुणाचंही पेलते.

सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, जायला कंपनीची जीप असे. त्या दिवशी तो मागच्या बाकावर बसला तशी जीप मागून खाली बसली आणि पुढची चाकं वर झाली. ड्रायव्हरनं उतरून टायर तपासले. टायर ठीक होते. तुळशीदास खाली उतरला, जीप सरळ झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो सहा किलोमीटर चालत वर गेला.

सड्यावर नऊ पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. आठ झाल्या होत्या. तुळशीदास तिथला रिगर फोरमन. क्रेननं माल उचलायचा तर त्याला दोर कुठं आणि कसा बांधायचा, किती वजनाला कुठला पट्टा, खाली कुणी उभं राहायचं नाही, हे सगळं त्याच्याकडे. सव्वीस वर्षं हेच काम. त्याच्या हाताखाली आजवर एकही माणूस दगावला नव्हता आणि ही गोष्ट तो कधी तोंडानं बोलत नसे, दृष्ट लागते म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी अंजिरा खोबरेल घेऊन बसली. तारेच्या दोरानं त्याचे तळवे फाटत, त्यामुळे ती रोज त्याचा हात आपल्या हातावर घेऊन तेल चोळायची. त्या दिवशी त्यानं तिच्या तळव्यावर हात ठेवला आणि तिचा हात फरशीवर आपटून तिथंच खिळला. बांगड्या फुटल्या. त्यानं झटक्यात हात काढून घेतला.

"मारलं का मला?" ती म्हणाली. रडली नाही. नुसतं विचारलं.

"न्हाई गं. ठेवला फक्त."

तिची चार बोटं निळी पडली होती. तिनं ती पाण्यात बुडवली आणि दुसऱ्या हातानं तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं. त्यानंतर तुळशीदास भिंतीपाशी एकटा बसला. आपल्या हातानं बायकोला लागतं म्हटल्यावर हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

बुधवारी तो शिकलगार मॅडमकडे गेला. नाझनीन शिकलगार सेफ्टी ऑफिसर होत्या. वय तिशीच्या आतलं, आवाज हळू, पण दोराचा एक तंतू तुटलेला दिसला तरी पूर्ण दोर बाद करायच्या. माणसं त्यांच्या मागं कुरकुर करत आणि त्यांच्या समोर हेल्मेटचा पट्टा घट्ट करत.

तुळशीदासनं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी हायड्रा मागवली. हायड्रा म्हणजे साइटवरची छोटी क्रेन. तिच्या हुकाला वजनाचा काटा अडकवला, काट्याला तुळशीदासचा कमरपट्टा, आणि त्याला वीतभर उचललं. हायड्रा कण्हली. काट्यावर आकडे फिरले आणि थांबले.

"तीन टन ऐंशी किलो," मॅडम म्हणाल्या. "नाना, तुमचं आधी किती होतं?"

"ऐंशी किलो."

"म्हणजे वरचे तीन टन." त्यांनी त्याला खाली उतरवलं. "शनिवारी काय उचललं?"

शनिवारी मॅडम भावाच्या साखरपुड्याला मिरजेला गेल्या होत्या. आठव्या पवनचक्कीच्या माथ्यावर यंत्राचा डबा चढवायचा होता. बुंध्याजवळची जमीन भुसभुशीत, म्हणून क्रेन लांब उभी करावी लागली होती. क्रेन जितक्या लांबून उचलते तितकं तिला कमी पेलतं. त्या अंतरावरून तिला अडतीस टनच पेलत होते.

"डबा किती टनांचा?"

"सगळे सारखेच की, मॅडम."

"किती?"

"एक्केचाळीस."

"कागदावर किती लिहिलं?"

तुळशीदासनं खाली बघितलं. "अडतीस. कुलथे साहेब म्हणाले, तीन टनानं काय आभाळ कोसळतंय. डब्यावरच्या वजनाच्या पाटीवर रंग बसलाय, आकडा दिसत न्हाई म्हणून लिहा. लिहिलं. सही केली. डबा गेला वर. काय झालं न्हाई."

"झालं ना," मॅडम म्हणाल्या. "कागदावर मावलं नाही ते कुठंतरी जाणारच."

त्यांनी काट्यावरचा आकडा नोंदवहीच्या पानावर लिहिला, तारीख घातली, सही केली. जे मोजलं ते लिहायचं, एवढीच त्यांची रीत.

कुलथे साहेब साइटचे प्रमुख. माणूस आवाज चढवणारा नव्हता. गुरुवारी सकाळी ते ती नोंद हातात घेऊन आले तेव्हा खूश दिसत होते.

नवव्या पवनचक्कीलाही क्रेन लांबच उभी होती. या वेळी एक्केचाळीस टन उचलायचे तर क्रेनच्या पाठीमागं आणखी एक तीन टनांची लोखंडी लादी हवी, असं मॅडमनीच लेखी दिलं होतं. क्रेन पुढं कलू नये म्हणून मागं अशा लाद्या रचतात. ती लादी घेऊन निघालेला ट्रेलर तीन दिवस घाटातल्या वळणावर अडकून पडला होता आणि सड्यावरचा वारा रोज थोडा थोडा वाढत होता.

"लादीची गरज नाही," कुलथे साहेब म्हणाले. "नाना मागं बसतील."

"माणसाला वजन म्हणून बसवता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"काटा काय म्हणतो?"

"काटा तीन टन ऐंशी किलो म्हणतो."

"सही कुणाची?"

"माझी. पण ती नुसती नोंद आहे."

"काट्यावर मोजलेलं आहे, तारीख आहे, सही आहे. लादीला याहून जास्त काय असतं?" त्यांनी ते पान कामाच्या परवान्याला टाचलं. मग तुळशीदासकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "नाना, हे खरं वजन आहे आणि खऱ्या कागदावर चढलंय. कागदावर चढलं की अंगावरून उतरेल. बघा तुम्ही."

तुळशीदासच्या डोळ्यांपुढं अंजिराची निळी बोटं आली.

"मी बसतो," तो म्हणाला.

"नाना, माणूस म्हणजे वजन नव्हे," मॅडम म्हणाल्या.

"मग हे ठेवू कुठं, मॅडम?"

मॅडमनी पेन खिशाला लावलं. त्यांनी परवान्यावर सही केली नाही. पण पान टाचलेल्या त्या परवान्याला दुसऱ्या सहीची जरूरच राहिली नव्हती. ऑफिसात परत जाण्याऐवजी त्या क्रेनच्या मागं, लाद्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

हायड्रानं तुळशीदासला उचलून सगळ्यांत वरच्या लादीवर बसवलं. लादी उन्हानं तापली होती. कुणीतरी त्याच्या हेल्मेटवर पिवळ्या रंगानं ३.०८ असं लिहिलं, जसं लाद्यांवर लिहिलेलं असतं तसं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठी क्रेन चालवणारा मुंजाजी ढगे परभणीकडचा, शांत माणूस. केबिनमधून त्यानं मागं वळून बघितलं आणि वॉकीटॉकीवर विचारलं, "नाना, बरं बसलाव ना?"

"बसलोय."

डबा जमिनीवरून सुटला. क्रेनचा लांब लोखंडी हात किंचित वाकला, पट्टे ताणले गेले, आणि एक्केचाळीस टन हळूहळू वर निघाले. पवनचक्कीच्या माथ्यावर डबा बसवून घ्यायला सहाजण थांबले होते. त्यांत अंजिराचा भाऊ हिंदुराव होता. खालून तो नखाएवढा दिसत होता.

डबा अर्ध्या वाटेवर गेला आणि तुळशीदासला हलकं वाटू लागलं.

आधी बोटांना. मग खांद्यांना, डोक्यावरून पाण्याची घागर उतरवल्यासारखं. कुलथे साहेब खरं बोलले होते. त्यानं हात मांडीवरून उचलला आणि पुन्हा ठेवला. हात हाताएवढाच होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास आला. त्यानं डोळे मिटले. आज संध्याकाळी घरी जायचं आणि काही न बोलता अंजिरापुढं तळवा धरायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा क्रेनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याखालून पलीकडचं गवत दिसत होतं.

क्रेनची मागची बाजू जमिनीवरून सुटली होती. बोटभर.

"मागून कोण उतरलं?" मुंजाजीचा आवाज आला. त्यानं डबा जिथल्या तिथं थांबवला होता.

"कुणी न्हाई," तुळशीदास म्हणाला. "मी हलका होतोय."

"होऊ नका, नाना."

"माझ्या हातात न्हाई रे."

"डबा खाली घेता येईना," मुंजाजी म्हणाला. त्याचा आवाज अजून शांतच होता. "जरा धक्का बसला की पुढं पडंल. बुंध्यावरच पडंल. वर सहा माणसं हायेत."

गवताची फट दोन बोटं झाली. त्या फटीतून वारा आला आणि गवताची पाती क्रेनच्या खाली वाकली. कुलथे साहेब उलट्या पावलांनी जीपकडे चालत गेले, आत बसले, आणि जीप घाटाच्या दिशेनं गेली.

मॅडमनी क्रेनला लटकवलेल्या परवान्यावरचं टाचलेलं पान ओढून काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. फट कमी झाली नाही. फाडलं तरी लिहिलेलं ते लिहिलेलंच होतं.

मग त्यांनी हायड्रावाल्याला हात केला, स्वतःचा कमरपट्टा हुकाला अडकवला आणि वर आल्या. त्या सहज उचलल्या गेल्या. पन्नास किलोंची बाई. त्या तुळशीदासशेजारी लादीवर बसल्या, मांडीवर नोंदवही घेतली आणि पेनचं टोपण काढलं.

"काय करताय?" तुळशीदासनं विचारलं.

"तेव्हा तुम्ही तीन टन लिहिले नाहीत, ते तुमच्यावर आले. आता मी लिहिणार नाही."

"मॅडम, मला लिहू द्या. मीच खोटं लिहितो. मला सवय झालीय एकदा."

"तुमची सही मालाच्या रकान्यात. मागच्या वजनाच्या रकान्यात माझीच चालते." त्यांनी खाली बघितलं. आता फटीतून पलीकडचा दगडही दिसत होता. "मी आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, नाना."

"माहितीय मला."

"अब्बांच्या दुकानात तराजू होता. ते म्हणायचे, पारड्याला बोट लावायचं नाही."  वरून हिंदुरावची हाक ऐकू आली. शब्द कळले नाहीत, वाऱ्यानं तुटून गेले. मॅडमनी लिहिलं, सुवाच्य अक्षरात, रकान्याच्या बाहेर न जाता: मागील वजन, लादी नाही. माणूस एक. ऐंशी किलो.

"मी सकाळपासून हेच सांगत होते," त्या म्हणाल्या आणि सही केली.

लादी करकरली. क्रेनची मागची बाजू सावकाश खाली आली, गवत दबलं, फट मिटली. डबा आकाशात इंचभर डुलला आणि स्थिर झाला. माथ्यावरच्या सहाजणांनी पकडलेले दोर सोडले नाहीत.

तुळशीदासनं मॅडमकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या होत्या तशाच बसल्या होत्या, फक्त नोंदवही त्यांच्या मनगटाखाली चेपली होती आणि तिच्या पुठ्ठ्याला चीर जात होती.

"तुम्ही उतरा आता, नाना. तुम्हाला शिडीनं उतरता येईल."

"न्हाई उतरत."

"घरी कुणी वाट बघत असेल."

"बघत असंल," तो म्हणाला आणि तिथंच बसून राहिला.  

दोघांमध्ये ठेवलेला वॉकीटॉकी खरखरला.

"मागं बसलं वाटतं," मुंजाजी म्हणाला. "चांगलं झालं. आता डबा बुंध्यावर फिरवायचाय. मागं किती वजन हाय ते सांगा. मला वहीत लिहायचंय."

मॅडमनी मनगटाखालच्या नोंदवहीकडे बघितलं. 

"आकडा सांगा, मॅडम. आकडा लिहिल्याबिगर मी हालवत नसतो, तुम्हीच शिकवलंय. खरा आकडा सांगा."

खरा सांगितला तर वहीत खरा चढणार होता आणि मागचं वजन पुन्हा उतरणार होतं. खोटा सांगितला तर तो लिहिणारा होता मुंजाजी, आणि मुंजाजी केबिनमध्ये, क्रेनच्या पुढच्या अंगाला बसलेला होता; तीन टन त्याच्यावर गेले तर क्रेन पुढंच कलणार होती. मॅडमनी वॉकीटॉकीकडे हात नेला नाही. त्यांनी तुळशीदासकडे बघितलं.

तुळशीदासनं वॉकीटॉकी उचलला, तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं.  त्यानं बटण नुसतंच दाबून धरलं. ते दाबलेलं असेपर्यंत सड्यावर दुसऱ्या कुणालाही वॉकीटॉकीवरून काही विचारता येत नव्हतं.