एका बादलीतली जलपर्णी

गावच्या तळ्यात गुडघाभर चिखलात उभा राहून डॉमनिक बांबूने जलपर्णी ओढत होता, आणि काठावर त्याची बायको थेल्मा ओला ढीग पसरत होती. ढीग तसाच ठेवला की खालची रोपं जगतात, हे दोघं आता शिकली होती. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली नोकरी संपल्यापासून डॉमनिकचा हाच उद्योग. मागे एकदा महापालिकेचं मशीन आलेलं. त्या लोकांनी अर्ध्या तळ्यातलं रान काढून काठावर टाकलं आणि ते गेले. पावसाळ्यात ते सगळं परत पाण्यात.

त्या रविवारी समोरच्या टॉवरमधली रसिका मदतीला आली. हातमोजे घालून तासभर राबली, मग कंबर धरून म्हणाली, "अंकल, ही आली कुठून एवढी?"

"पुरात वाहून आली असेल," डॉमनिक म्हणाला. वीस वर्षं तो हेच सांगत होता.

थेल्माच्या हातातला झुपका खाली पडला. "पूर नाय. मी आणली."

कल्याणला बहिणीकडे गेलेली तेव्हा खाडीकाठी ती जांभळी फुलं तिला दिसली. क्रुसापुढे वाहायला बरी, म्हणून एक रोप तिने बादलीत आणलं आणि तळ्यात सोडलं. दुसऱ्या वर्षी तळ्याच्या पायऱ्या झाकल्या गेल्या. चौथ्या वर्षी मासे उलटे तरंगले आणि गावातली मासेमारीची जाळी माळ्यावर गेली.

"एकच रोप?" रसिकाने विचारलं.

"एकच."

रसिकाने हातमोजे काढले. थोड्या वेळाने निरोप घेऊन गेली.

"कशाला सांगितलंस?" डॉमनिक चिडला. "कोणी विचारत होतं काय?"

"तू रोज पाण्यात उतरतोस आणि मला त्यावरून एक शब्द बोलत नाहीस. दमले रे मी त्याने."

डॉमनिक बांबूवर रेलला. "बोलून काय ती कमी झाली असती?" एवढंच म्हणाला.

दुपारी वारा सुटला आणि सकाळी मोकळं केलेलं पाणी पलीकडच्या पानांनी भरून गेलं. मग थेल्मानेच सुचवलं, बांबू आडवे बांधून निदान पायऱ्यांपुढचा कोपरा अडवू.

मे संपेस्तोवर तेवढा कोपरा मोकळा राहिला, चार खाटांएवढा. बाकीचं तळं हिरवंच होतं. गावात बातमी पसरली. दोन बायकांनी थेल्माशी बोलणं टाकलं. ती मात्र साडी खोचून रोज डॉमनिकबरोबर पाण्यात उतरू लागली.