मुळ्याचा रस

सुयिननं पांढरा मुळा किसणीवर उभा धरला आणि अंगात आल्यासारखा घासायला सुरुवात केली. कीस फडक्यात बांधून पिळला, तसा वाटीभर रस निघाला. चुलीवर मातीच्या भांड्यात कोंबडी आणि जिनसेंगचं मूळ सकाळपासून मंद आचेवर शिजत होतं. तिनं झाकण उचलून रस आत ओतला, चोथा डुकरांच्या बादलीत टाकला आणि वाटी विसळून पालथी घातली. हा चाळिसावा दिवस होता.

चांगपाई डोंगराखालच्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल की जिनसेंग चालू असताना मुळा खाऊ नये. जिनसेंग अंगात जोर भरतं आणि मुळा तो जोर उतरवतो. घरात कुणा आजाऱ्याला जिनसेंग सुरू झालं, की बायका तळघरातून मुळा वरसुद्धा आणत नाहीत. सुयिननं मात्र यंदा तळघरातले सगळ्यांत रसाळ मुळे निवडून वर आणले होते.

म्हातारीला, म्हणजे तिच्या सासूला, शहात्तर वर्षं झाली होती. हिवाळ्याच्या तोंडाशी तिला दम लागायला लागला, पाय लटपटायला लागले. तालुक्याला दिलेल्या लेकीनं, फेंगशियाननं, लगेच बसवाल्याच्या हाती जिनसेंगचा डबा पाठवला आणि फोनवर बजावलं, "वहिनी, रोज रश्शात एक मूळ. आईच्या बाबतीत हात आखडता घेऊ नकोस हं."

हात आखडता! सुयिनच्या अंगाचा तिळपापड झाला. हे तिला कोण सांगत होतं, तर फेंगशियान!

एकवीस वर्षांपूर्वी ह्याच घरात, खालून जाळानं तापणाऱ्या विटांच्या ह्याच ओट्यावर सुयिन बाळंत झाली आणि रक्त थांबेना. दाई ओरडली, "घरात जिनसेंग असेल तर उकळून द्या, नाहीतर बाई हातची जाते!" घरात जिनसेंग होतं. सासऱ्यांना जंगलात सापडलेलं, शेवाळात गुंडाळून पेटीत जपलेलं जुनं मूळ. सासूनं पेटीला कुलूप घातलं आणि तांबड्या साखरेचं कोमट पाणी आणून दिलं. "मुलगी तर झालीय," ती म्हणाली, "त्यासाठी जिनसेंग कशाला?" सात दिवसांनी फेंगशियानला मुलगा झाला आणि ते मूळ तिच्या सासरी गेलं.

सुयिन मेली नाही. पण तिला पुन्हा दिवस गेले नाहीत आणि त्या बाळंतपणात शिरलेली थंडी मनगटांतून कधीच निघाली नाही. दर हिवाळ्यात कणीक मळताना खांद्यापर्यंत कळ जाई आणि कळेबरोबर ते कुलूप आठवे. विष घालण्याएवढी ती पापी नव्हती. जे आपल्याला मिळालं नाही ते म्हातारीलाही मिळू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हातारीनं रोज वाडगंभर प्यावं, लेकीचं कौतुक करावं आणि तरीही वाळत जावं.

दाराशी बूट आपटून चांगशान, तिचा नवरा, लाकडाची मोळी घेऊन आत आला.

"आईचे गाल पाहिलेस का? कसे लालबुंद झालेत! फेंगशियानच्या जिनसेंगला गुण आला बघ."

"हो ना," सुयिन म्हणाली.

"तुलाही मानलं पाहिजे. तीन-तीन तास कोण शिजवतं एवढं?"

सुयिननं एक लाकूड असं खुपसलं की ठिणग्या उडाल्या. दुखणं नेमकं हेच होतं. करायला गेली एक आणि होत होतं भलतंच. पंधराव्या दिवशी म्हातारीनं काठी कोपऱ्यात ठेवली. तिसाव्या दिवशी अंगणात जाऊन कोंबड्यांवर खेकसली. सुयिननं चिडून एका मुळ्याचे दोन केले, तर म्हातारीला सपाटून भूक लागायला लागली.

दुपारी ग्वान वैद्य आले. ओट्यावर मांडी घालून त्यांनी म्हातारीच्या मनगटावर तीन बोटं टेकली आणि डोळे मिटले. मग दुसरं मनगट मागितलं. मग जीभ बघितली.

"वहिनी, खरं सांगू?" ते म्हातारीला म्हणाले. " मागच्या खेपेला मी घाबरलो होतो. तुमची प्रकृती उष्ण. तिला रोजचं जिनसेंग म्हणजे आगीत तेल. फेंगशियानला मी फोनवर सांगितलं, पण ती ऐकतेय कुठे!"

"म्हणजे अपाय झाला असता?" चांगशाननं विचारलं.

"अपाय? एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडलं असतं. आणि दोष कुणाला देणार? जिनसेंगनं माणूस मेला तर मारणारा कायम सावच असतो." वैद्यांनी पुन्हा मनगट चाचपलं. "पण आता नाडी कशी संथ चाललीय. रश्शात काय काय घालतेस गं, पोरी?"

त्यांनी रिकामं वाडगं नाकाशी नेलं. चोराच्या मनात चांदणं.

"कोंबडी," सुयिन म्हणाली. "आलं. मीठ."

"जे घालतेस तेच घालत राहा. हाताला गुण आहे तुझ्या."

चांगशान अभिमानानं फुलून वैद्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला. सुयिन वाडगं उचलायला वाकली.

"मुळा जरा कमी घाल," सासू खिडकीकडे बघत म्हणाली. "आताशा दोन-दोन घालतेस. पोटात गुरगुरतं."

सुयिन तशीच वाकून राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दात गेलेत माझे, जीभ आहे अजून."

"मग बोलला का नाहीत?"

"झोप छान लागत होती." म्हातारीनं गोधडी गुडघ्यांवर ओढली. "आणि तुला काय वाटलं, ही अक्कल तुलाच सुचली? मीही माझ्या सासूला पाजलाय. सलग तीन हिवाळे. काय छळलं होतं तिनं मला! ब्याण्णव वर्षं जगली मेली."

शहात्तर ते ब्याण्णव. अजून सोळा हिवाळे! सुयिन मटकन ओट्याच्या कडेवर बसली. तिला संतापानं रडू येत होतं आणि म्हातारीसमोर रडायचं नव्हतं. एकवीस वर्षं जे वाक्य जिभेवर येऊन परत जायचं, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी मरत होते, आई. आणि तुम्ही पेटीला कुलूप घातलंत."

"घातलं," सासू म्हणाली. तिनं गोधडीची कड सारखी केली. मग म्हणाली, "मूळ एकच होतं. फेंगशियानचे दिवस भरत आले होते. लेक दुसरी कुठून आणली असती? सून दुसरी मिळाली असती."

सुयिन उठली आणि वाडगं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डब्यातली सगळी मुळं परातीत ओतली, त्यांतलं सगळ्यांत जाड, भरपूर तंतू फुटलेलं मूळ निवडलं आणि कोंबडीबरोबर चुलीवर चढवलं. मुळ्याला हात लावला नाही. तीन तासांनी तिनं बाजरीची पेज एका वाडग्यात आणि रस्सा दुसऱ्यात ओतला आणि दोन्ही घेऊन सासूसमोर मांडी घालून बसली.

वास आला तसे म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. मुळा नव्हता, हे तिला वासावरूनच कळलं असणार, कारण हात मध्येच थबकले. सुयिननं पेजेचं वाडगं तिच्यापुढे सरकवलं आणि रश्शाचं स्वतःच्या ओठांना लावलं.

ती सावकाश पीत होती. घशातून, छातीतून ऊब खाली उतरत होती. म्हातारीचे हात हळूहळू गोधडीवर आले. तिनं पेजेला हात लावला नाही, की चांगशानला हाकही मारली नाही.

"कसं लागतं?" शेवटी तिनं विचारलं.

"कडू."

"कडूच असतं."

सुयिननं वाडग्याच्या तळातलं मूळ बोटांनी उचललं आणि म्हातारीच्या डोळ्यांत बघत, शेवटच्या तंतूपर्यंत, चावून चावून खाल्लं.