विहिरीवरचं यंत्र

किन्हीराजा गावात आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवर पौर्णिमाचं यंत्र बसलं होतं. ते रात्रंदिवस नळीनं पाणी ओढायचं, पाण्यात विरघळलेले वायू मोजायचं आणि आकडे तिच्या मोबाइलवर पाठवायचं. पौर्णिमा कारंज्याची, नागपूरला पीएच.डी. करणारी. जमिनीखाली हालचाल झाली की आधी वायू बदलतो म्हणे, त्यावर तिला डॉक्टर व्हायचं होतं. पिकाचा भावही विकायच्या आधीच पडतो, त्यावर कुणी डॉक्टर होत नाही!

पोरगी आमच्याच घरी राहायची. माझी बायको रंगूबाई मला चहा द्यायला विसरेल, पण हिची वेणी घालायला नाही. सलग वर्षभराचे आकडे हवे होते. मधेच बिघडले तर पुन्हा पहिल्यापासून वर्ष, असं पौर्णिमानं बजावलं होतं. वर्ष भरत आलं, तशी मी विहिरीकडे बैलही फिरकू देईना.

एका सकाळी आकडा एकदम चढला. पौर्णिमानं नागपूरच्या तिच्या सरांना फोन लावला आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावानं भूकंपाच्या भीतीनं बाजा अंगणात काढल्या. मीही काढली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तिनं नळी वर ओढली, तर सोबत अंबाडीचा सडका भारा आला. दोरखंडासाठी आम्ही अंबाडी सडवतो, पण नाल्यात. सडताना तिच्यातून वायू सुटतो, तोच यंत्रानं मोजला होता.

"देवमनकाका, काहून टाकली?" ती माझ्यावरच उखडली.

"मले काय येड लागलं?" मी तापलो. मग भाऱ्याची गाठ दिसली. रंगूबाईच्या जुन्या लुगड्याचा काठ होता तो.

"म्याच टाकली," मागं उभी असलेली रंगूबाई म्हणाली. "वर्स भरलं का तू चालली जाशीन. पयल्यापासून मोजा लागलं तं राह्यशीन, असं वाटलं मले."

"मावशी, माह्या वर्साचं मातेरं केलं तुनं!" पोरगी ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांकडून विहीर उपसून घेतली, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि बॅग उचलून गावातच दुसऱ्या गल्लीत खोली घेतली. रंगूबाईला हवं ते वर्ष मिळालं, पण पोरगी घरातून गेली. रंगूबाई रोज तिच्या दारात भाकरीचा डबा ठेवून यायची. डबा रिकामा परत यायचा, पण दार उघडायचं नाही.

परवा दाराआडून आवाज आला, "मावशी, आज ठेचा नाही आणला?"

रंगूबाई धावतच घरी आली आणि मिरच्या सापडत नाहीत म्हणून माझ्यावरच खेकसली.