मशीन थांबलं तेव्हा मी खाली होते

मी बोलतेय ती एक बिट. बोअरवेलच्या गाडीला सगळ्यांत खाली लावतात, तसली. फरक इतकाच की मी पाणी शोधत नव्हते, युरेनियम शोधत होते. सापडेल याची खात्री मला कधीच नव्हती. मला कशाचीच नसते.

दिसायला मी पोलादाची जाड कडी, बाईच्या हातात बांगडीसारखी जाईल एवढी. ओठांवर हिऱ्यांचा चुरा. हिरे ऐकून डोळे लकाकले असतील तर आवरा. हे हिरे मिरवायचे नाहीत, चावायचे आहेत. साच्यात धातूची भुकटी आणि हिऱ्यांची रेती भरली, भट्टीत लाल केलं आणि वरून दाबलं. जन्मताच मला कळलं की माझ्याशी कुणी हळू वागणार नाही.

ट्रकमधून, मग गोठलेल्या सरोवरावरच्या रस्त्याने, मग हेलिकॉप्टरखाली लोंबकळत मी कॅनडाच्या उत्तरेला, तिथल्या मूळच्या डेने लोकांच्या मुलखात पोचले. मार्च संपत आला होता आणि थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. ड्रिलच्या शेडमध्ये फळीवर मी आठवडाभर पडून होते. माणसं मी पाहिली ती तेवढ्या आठवड्यात. पुढचं बरंचसं ऐकीव आहे, कारण पुढे मी खाली होते. पण लोखंडातून आवाज फार छान येतो. वर कुणी रॉडवर बूट आपटला तर खाली माझे दात वाजायचे.

माझं काम म्हणजे मारामारी. वरून टनावारी दाब, घशात बर्फगार पाणी, आणि मिनिटाला शेकडो गिरक्या. मी खडक चावत जायचे. मधे भोक असल्यामुळे न चावलेला गाभा गुळगुळीत कांडी होऊन माझ्या आतून वर सरकायचा. तीन मीटर झाले की वरचे लोक दोरीने ती कांडी उपसून न्यायचे. याला बाळंतपण म्हणावं की ओकारी, हे माझं अजून ठरलेलं नाही. मी आपलं बाळंतपण म्हणते. दर तीन मीटरला जीव खाली-वर. अखंड निघेल ना? मोडणार नाही ना? आणि नेलं की लेकरू पुन्हा दिसायचं नाही. पेटीत ओळीने निजवायचे, अंगावर आकडे लिहायचे, मग हातोडीने फोडून बघायचे.

वर तिघं होती. लॉर्न हा मुख्य ड्रिलर, दक्षिणेकडचा, पन्नाशीचा, तोंडात सतत शिवी. बोनिफास हा त्याचा मदतनीस, जवळच्या डेने गावातला, रॉड जोडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. आणि बोनिफासची धाकटी बहीण सेलेस्टिन. तिचं काम होतं कॅरिबूंवर नजर ठेवायचं. मोठ्या शिंगांची ती हरणं दर वसंतात हजारोंनी उत्तरेला जातात, माद्या पोटुशा असतात, आणि गावाचं वर्षाचं मांस त्यांच्यावर.

कंपनी आली तेव्हा गावच्या शाळेत तीन हिवाळे वाद चालला होता. शेवटी गावातले वडीलधारे मोडेस्ट आजोबा उठले. "भोकं पाडा," ते म्हणाले, "पण कॅरिबू दिसले की गप्प बसायचं. आणि गप्प बसा म्हणणारं माणूस आमचं असेल." मग सही झाली.

त्या सहीने गावाला बरंच दिलं, खोटं कशाला बोलू. बावीस घरांत पगार आला. सरोवरावरचा रस्ता कंपनीची यंत्रं साफ ठेवायची, त्यामुळे ताजं दूध महिनाभर जास्त येऊ लागलं. दवाखान्यात सुईण आली. पूर्वी बायकांना महिनाभर आधीच दक्षिणेला जाऊन परक्या खोलीत भिंतीकडे बघत बसावं लागायचं. सेलेस्टिनचा मुलगा बेसिल गावातच, आजीचा हात मोडेस्तोवर दाबत जन्मला. बोनिफासने पहिल्या पगारात बर्फावर पळणारी स्नोमोबाइल घेतली आणि तिसऱ्या दिवशी झाडावर घातली. ते फायद्यात धरायचं की कसं, मला सांगता येत नाही.

बेसिल आता आठ महिन्यांचा होता, त्याला दात येत होते, आणि आई पंधरा दिवस इथे. सेलेस्टिनचं जॅकेट पुढून दुधाने सारखं ओलं व्हायचं आणि गोठायचं. पहिल्या दिवशी भोकाच्या जागी तिने चिमूटभर तंबाखू वाहिला, जमिनीची परवानगी म्हणून. लॉर्नने टोपी काढली. बोनिफासने नाही.

"तुझं काम काय, माहितीय का सेले? दुर्बीण लावून बसायचं आणि काही दिसलं नाही असं वहीत लिहायचं."

"आणि दिसलं तर?"

"तर दुर्बीण पुसायची."

ती हसली, पण रात्रंदिवस तिला तोच घोर. मशीन थांबवायचं लाल बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. गावातून आजवर कुणी ते दाबलं नव्हतं, कारण आजवर कळप या बाजूला आलाच नव्हता. ती थांबा म्हणाली तर ही माणसं थांबतील का? गावाने ज्या एका शब्दावर सही केली, तो शब्द आता तिच्या तोंडात होता, आणि आपलं तोंड त्या मापाचं आहे की नाही याची तिला शंका होती.

मग मला रॉडला पिळून लावलं आणि मी खाली गेले. वाळूचा खडक मी कराकरा खाल्ला. दात झिजले. एकदा भेगेत पाणी पळालं आणि मी कोरडीच घासत लाल झाले, तेव्हा वर बोनिफासला वासच आला जणू, त्याने पंप लाथेने सुरू केला. चारशे मीटर. चारशे पाच. हे मोसमातलं शेवटचं भोक होतं. यात काही लागलं नाही तर कंपनी तंबू गुंडाळणार, रस्ता साफ करणारं कुणी उरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चारशे बारा मीटरवर खडक संपला आणि चिकणमाती लागली. लॉर्न वर ओरडला, "मातीच्या पोटात काळा दगड असतो! दाब रे, दाब!" ही माती फार वाईट. फिरत राहिलं, पाणी येत राहिलं, तर लोणी. थांबलं की मूठ आवळते.

नेमकं तेव्हा वरून सेलेस्टिनचा आवाज आला. "थांबवा."

कुणी थांबवलं नाही.

"बोनी, कॅरिबू. टेकडीवर. थांबवा."

"आत्ता? मातीत? बिट अडकेल, भोक जाईल, कळतंय का तुला? दोन तास दे."

"दोन तासांत ते इथं असतील."

"मग येऊ दे की! त्यांना कुणी अडवलंय?" बोनिफास किंचाळला. "तुझ्या पोराचं दूध कुठून येतं ते विचार त्यांना!"

लॉर्न म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस, पोरी? तुझा भाऊ, तुझी हरणं."

ती रडत होती. रडतच तिने बटण दाबलं.

खरं सांगते, त्या क्षणी मी तिला शिव्या दिल्या. पाणी थांबलं. मातीने मला ओठांपासून मानेपर्यंत धरलं आणि पिळायला सुरुवात केली. मी अर्ध्या बाळंतपणात होते, घशात कांडी तशीच अडकलेली.

आणि मग ते आले. चालताना कॅरिबूंच्या घोट्यांत टकटक वाजतं. एकाचं वाजलं तर काही नाही, हजारोंचं वाजलं की गोठलेली जमीन दात खाते आहे असं वाटतं. दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशीही. बोनिफास रॉडला कान लावून बसायचा. माती आवळत होती हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

दुसऱ्या सकाळी एक पोटुशी मादी ड्रिलच्या फळ्यांवर चढली. पाण्याच्या नळ्यांत तिचे पाय गुंतले. ती उसळली, पंप आडवा झाला, नळी फुटली. बोनिफासचा तोल सुटला. त्याने रॉड फिरवायचा हातभर लांब लोखंडी पाना उचलला.

कॅरिबूला मारायचं ते गोळीने. काठीने, लोखंडाने, हाताने त्याला झोडायचं नाही; झोडलेला कॅरिबू बाकीच्यांना जाऊन सांगतो आणि कळप त्या माणसांकडे पिढीभर फिरकत नाही. डेने पोराला हे चालायच्या आधी कळतं. बोनिफासलाही कळत होतं. तरी पाना वर गेला.

सेलेस्टिन मधे आली. पाना तिच्या उजव्या हातावर बसला, आणि तिथून निसटून रॉडवर. आधी हाड मोडल्याचा आवाज आला, मग लोखंडाचा. चारशे बारा मीटर खाली माझ्या दातांतून दोन्ही गेले. वर मादीने एक झटका दिला, नळ्या तुटल्या आणि ती पळाली.

वर टकटक चालूच होती.

"सेले," बोनिफास म्हणाला. "सेले, मी..."

"तिला लागलं का?"

"तुला लागलंय!"

"तिला लागलं का ते सांग."

"नाही."

लॉर्नने कांड्यांच्या पेटीच्या फळ्या फोडून तिचा हात बांधला. आयुष्यात पहिल्यांदाच तो शिवी न देता बोलत होता. "हेलिकॉप्टर बोलावतो. अर्ध्या तासात दवाखाना."

"कळपावरून?" ती म्हणाली. "माद्या बुजून पळतील, पोटातली पडतील. शेवटचा जाऊ दे."

"हाड बाहेर आलंय, बाई!"

"बघितलं मी. माझंच आहे."

सात तास ती तिथे बसली. ओरडायची ती दातात हातमोजा धरून. बोनिफास तिच्या पायांशी बसला होता आणि स्वतःचं डोकं ठाक ठाक रॉडवर आपटत होता, मी मोजत होते. शेवटी टकटक विरळ झाली, थांबली. हेलिकॉप्टर आलं. चढताना तिने मागे वळून सांगितलं, "आता सुरू करा." बटण तिनेच दाबलं होतं, सुरू करा म्हणालीही तीच.

मग मला उपसायला लागले. ते मला आठवायचंही नाही. यंत्राने पूर्ण ताकदीने ओढलं, रॉड ताणून किंचाळले, माती सोडेना. ओढलं, सोडलं, पिळलं, पुन्हा ओढलं. कामाची अख्खी पाळी. बोनिफासच्या तळव्यांची कातडी लोखंडाला चिकटून राहिली. आणि एका हिसक्यात मी सुटले, पण अर्धा ओठ मातीत ठेवून. इतक्या दिवसांनी उजेडात आले ते फाटक्या तोंडाने. घशात काहीतरी अडकलं होतं. लॉर्नने सळईने ढकललं तर बोटभर कांडी बाहेर पडली, काळी, जड, डांबरासारखी चकचकीत. त्याने किरण मोजायचं यंत्र जवळ नेलं आणि ते नुसतं किंचाळत सुटलं.

लॉर्न नाचला. बोनिफास शेडच्या मागे जाऊन ओकला.

तंबू गुंडाळले गेले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात रस्ता साफ झाला, आणखी चौदा घरांना काम मिळालं. गावात लोक म्हणतात सेलेस्टिनच्या हट्टाने युरेनियम सापडलं. तसं नाही हो. ते तिथे होतंच, तिने बटण दाबलं तेव्हा माझ्या घशात आलेलंही होतं. मी खाली होते, मला विचारा. तिच्या हट्टाने काय सापडलं ते वेगळं, आणि ते अजून कुणाच्या मापात आलेलं नाही.

बोनिफासला दोन महिने घरी बसवलं. गावात कुणी त्याच्याशी बोललं नाही. कुणी चहालाही बोलावलं नाही. पानगळीत कॅरिबू परत आले, नेहमीच्या वाटेने, तेव्हा मोडेस्ट आजोबांनी त्याच्या दारात कॅरिबूची एक तंगडी ठेवली. मग लोकांनी तोंड उघडलं.

हे सगळं मी कॅम्पच्या फळीवर पडल्या पडल्या ऐकलं. झिजलेली बिट आठवण म्हणून घरी न्यायची इथे पद्धत आहे. मोसम सुरू होताच बोनिफासने मला घासूनपुसून बहिणीपुढे धरलं.

"बेसिलला. चावायला. दाढा येतायत ना त्याला?"

"आधी किरणांचं यंत्र लाव तिला."

"धुतलीय गं तीनदा."

"लाव."

यंत्र कटकट करू लागलं. माझ्या फाटलेल्या ओठाच्या फटीत ती काळी भुकटी अजून बसलेली आहे, ती निघत नाही. सेलेस्टिनने मला त्याच्या हातातून घेतलं, डाव्या हाताने, आणि धोक्याची पिवळी खूण असलेल्या लोखंडी पेटीत ठेवलं. झाकण लावून तिने कडी घातली. बरं केलं. मीही तेच केलं असतं.

तर मी आता इथे आहे. बाहेर नवी बिट चावते आहे, तरुण आहे, फार आवाज करते.

काल दुपारी मशीन एकदम थांबलं. मी दचकले. लॉर्न ओरडला, "कुणी दाबलं रे बटण? ती तर अजून बोलली पण नव्हती!"

"मी दाबलं," बोनिफास म्हणाला. "टेकडी बघ."

"अरे, पण सांगायचं काम तिचं ना?"

"हात वर करायला तिला त्रास होतो," तो म्हणाला. "चहा ठेव."

मग ती टकटक सुरू झाली, आणि तिघंही गप्प झाली.

माझी एकच विनंती आहे. ही पेटी उघडू नका. तुमच्या घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. पण कळप जात असताना कुणी इथून जाणार असाल, तर बाहेरूनच मला सांगा, ते दिसतात तरी कसे. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.